जूनमधले ब्राउन आणि ऑगस्टमधले ब्राउन : अथेन्स २००४ चं प्रकरण

प्रकरण अभ्यासात नावं झाकायची पद्धत आहे. इथे झाकून काही उपयोग नाही. 'एका बलाढ्य देशाचा बास्केटबॉल संघ २००४ साली अथेन्सला गेला आणि तोंडावर पडला' एवढं म्हटलं की कोर्टावर येणारं शाळकरी पोरही नाव सांगेल. म्हणून माणसं उघडी ठेवली आहेत: देश अमेरिका, प्रशिक्षक लॅरी ब्राउन. आपल्याकडे त्या ऑलिंपिकची आठवण म्हणजे राज्यवर्धनसिंह राठोडचं रौप्यपदक. बास्केटबॉलच्या बातम्या कुठेतरी आतल्या पानावर होत्या. पण संघ निवडण्याचं काम ज्यांच्याकडे येतं, मग तो तालुक्याचा असो की देशाचा, त्यांनी हे प्रकरण एकदा सावकाश वाचावं असं मला वाटतं.

पार्श्वभूमी

१५ जून २००४. एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या, अंतिम मालिकेत डेट्रॉइट पिस्टन्सने लॉस एंजेलिस लेकर्सला ४-१ असं हरवलं. लेकर्सकडे शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन होते. ही चार नावं ऐकूनच समोरचा संघ निम्मा गार व्हायचा. पिस्टन्सकडे त्या तोडीचं एकही नाव नव्हतं, पण प्रत्येकाला काम नेमून दिलेलं होतं. बेन वॉलेसने बास्केटखाली कुणाला सुखाने उभं राहू द्यायचं नाही. रिचर्ड हॅमिल्टनने एका स्क्रीनमागून (सहकाऱ्याने बचावपटूच्या वाटेत उभं राहून केलेल्या आडोशामागून) दुसऱ्या स्क्रीनमागे पळत राहून मोकळा शॉट मिळवायचा. टेशॉन प्रिन्सने आपल्या लांब हातांनी समोरचा मोठा स्कोअरर धरायचा आणि चॉन्सी बिलप्सने हे सगळं घाई न करता चालवायचं. मोसमाच्या मध्यावर रशीद वॉलेसला आणून उरलेली फट बुजवली गेली. खेळाडू जमवले व्यवस्थापक ज्यो डूमार्स यांनी, त्यांचा संघ केला प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांनी.

ब्राउन तेव्हा ६३ वर्षांचे होते. खेळाडू म्हणून १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचं सुवर्ण, १९८८ मध्ये कॅन्ससला कॉलेजचं विजेतेपद, आणि आता एनबीएचं. कॉलेज आणि एनबीए दोन्ही जिंकणारा दुसरा प्रशिक्षक नाही. 'योग्य रीतीने खेळा' हा त्यांचा परवलीचा शब्द. त्यांच्या बास्केटबॉलच्या समजेबद्दल कुणालाच शंका नव्हती, आजही नसावी.

बरोबर दोन महिन्यांनी, १५ ऑगस्टला, हेच ब्राउन अमेरिकेच्या ऑलिंपिक संघाच्या बाकावर बसले होते आणि समोर पोर्तो रिको होता. लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत. पुणे आणि पिंपरी-चिंचवड मिळून तेव्हा जेवढी वस्ती होती, साधारण तेवढीच. मध्यंतराला फलक होता ४९-२७. अमेरिका बावीस गुणांनी मागे. सामना संपला ९२-७३ वर. पोर्तो रिकोचा पॉइंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे नेऊन खेळ चालवणारा, कार्लोस अरोयो २४ गुण करून शेवटी बाहेर येताना दोन्ही हातांनी जर्सी ओढून छातीवरचं देशाचं नाव प्रेक्षकांना दाखवत होता. त्या दिवसाचं हेच छायाचित्र जगभर छापून आलं.

१९९२ साली व्यावसायिक खेळाडू आल्यापासून अमेरिका ऑलिंपिकमध्ये एकही सामना हरली नव्हती. त्याआधीच्या सगळ्या ऑलिंपिकांत मिळून फक्त दोन पराभव, १९७२ आणि १९८८ मधले. अथेन्समध्ये दोन आठवड्यांत तीन झाले.

अडचण कुठे होती

हा धक्का होता असं म्हणतात. मला ते पटत नाही, कारण धोक्याची घंटा चार वर्षं वाजत होती. २००० मध्ये सिडनीला उपांत्य सामन्यात लिथुआनियाविरुद्ध अमेरिका ८५-८३ अशी जेमतेम सुटली. शेवटच्या क्षणी लिथुआनियाच्या यासिकेविचियसचा थ्री-पॉइंटर (लांबच्या रेषेबाहेरून मारलेला तीन गुणांचा शॉट) गेला असता तर हे प्रकरण चार वर्षं आधीच घडलं असतं. त्या दिवशी ब्राउन अमेरिकेचे सहायक प्रशिक्षक म्हणून बाकावरच होते. २००२ च्या जागतिक स्पर्धेत, तीही घरच्या इंडियानापोलिसमध्ये, अमेरिका सहावी आली.

मग २००३ च्या उन्हाळ्यात सान हुआनला ऑलिंपिकची पात्रता स्पर्धा झाली. प्रशिक्षक ब्राउनच. संघात टिम डंकन, अ‍ॅलन आयव्हर्सन, जेसन किड, ट्रेसी मॅकग्रेडी, रे अ‍ॅलन, व्हिन्स कार्टर, जर्मेन ओनील. दहा सामने, दहा विजय. किड बॉल फिरवायचा, अ‍ॅलन लांबून मारायचा, आत डंकन आणि ओनील. संघ जमला होता.

त्या बारांतले नऊ जण अथेन्सला गेले नाहीत. किडच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली. कुणाचं लग्न होतं, कुणाला लांबलचक मोसमानंतर विश्रांती हवी होती, कुणाच्या घरच्यांना सुरक्षेची भीती वाटत होती. ही भीती अगदीच पोकळ नव्हती. संघाची राहायची सोय ऑलिंपिक गावात न करता पिरेयसच्या धक्क्याला लागलेल्या क्वीन मेरी २ जहाजावर केली होती. राहिले फक्त डंकन, आयव्हर्सन आणि रिचर्ड जेफरसन.

खरी अडचण इथे आहे. दहा सामने एकत्र खेळलेला संघ पुढच्या वर्षी बांधून ठेवण्याची जबाबदारी कुणाचीच नव्हती. खेळाडूंनी शब्द दिलेला नव्हता, कुणी मागितलाही नव्हता. नावं निवडायची समितीने आणि संघ चालवायचा प्रशिक्षकाने, अशी वाटणी. आपल्याकडच्या जिल्हा निवड चाचण्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल: समिती यादी लावून मोकळी, आणि सर बस सुटायच्या आदल्या दिवशी पोरांची उंची विचारतात.

समोर असलेले पर्याय

२००४ च्या वसंतात नऊ जागा भरायच्या होत्या. माझ्या हिशोबाने रस्ते तीन होते.

पहिला, पुढची मोठी नावं घ्यायची. नुकताच पहिला मोसम संपवलेले लेब्रॉन जेम्स, कार्मेलो अँथनी आणि ड्वेन वेड सगळ्यांच्या तोंडी होते. प्रेक्षक, प्रायोजक, दूरचित्रवाणी सगळे खूश.

दुसरा, नावाआधी काम लिहायचं. म्हणजे कागदावर आधी 'लांबून मारणारा', 'दुसरा लांबून मारणारा', 'बॉल शांतपणे पुढे नेणारा', 'डंकनला फाउल झाले तर आत उभा राहणारा' असं लिहायचं आणि मग त्यापुढे माणूस शोधायचा. असे खेळाडू एनबीएत ढिगाने होते, फक्त त्यांची पोस्टरं विकली जात नव्हती.

तिसरा रस्ता कुणी गंभीरपणे पाहिला असेल असं वाटत नाही: युरोपात खेळणारे अमेरिकी खेळाडू. ते तिथले रेफरी, तिथले झोन (माणसाऐवजी जागा धरणारा बचाव), तिथली थ्री-पॉइंटरची रेषा सगळं ओळखून होते. हे वेडेपण वाटेल, पण १९९८ ची जागतिक स्पर्धा आठवा. एनबीएत मालक आणि खेळाडूंच्या वादातून टाळेबंदी चालू होती, एकही एनबीए खेळाडू उपलब्ध नव्हता, आणि अमेरिकेने युरोपातले व दुय्यम लीगमधले खेळाडू गोळा करून संघ पाठवला. तो संघ कांस्यपदक घेऊन आला. स्पर्धा कुठे झाली होती? ग्रीसमध्येच, त्याच अथेन्सला. सहा वर्षांनी कोट्यवधींचे करार खिशात असलेला संघ त्याच गावातून तेच पदक घेऊन आला.

पहिला निर्णय : बारा नावं

समितीने पहिला रस्ता धरला. अंतिम बारा असे: आयव्हर्सन, डंकन, जेफरसन, स्टेफन मार्बरी, वेड, जेम्स, अँथनी, लमार ओडम, शॉन मॅरियन, कार्लोस बूझर, अमारे स्टुडमायर आणि एमेका ओकाफोर. ओकाफोर तर एनबीएचा एकही सामना न खेळलेला, नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला. जेम्स १९ वर्षांचा, अँथनी २०.

यादी वाचून बघा. बॉल हातात घेऊन बास्केटकडे घुसणारे किती? आयव्हर्सन, मार्बरी, वेड, जेम्स, अँथनी. उडून बॉल बास्केटमध्ये कोंबणारे? स्टुडमायर, मॅरियन, जेफरसन. आणि कोपऱ्यात उभं राहून, पास आला की मारतो म्हणणारा? एकही नाही. त्या मोसमात आयव्हर्सन, जेम्स आणि वेड यांचं थ्री-पॉइंटरचं प्रमाण तीस टक्क्यांच्या आसपास होतं. त्यात आयव्हर्सन आणि मार्बरी दोघेही लहान चणीचे, दोघांनाही बॉल स्वतःकडे हवा. म्हशीला दोन धनी असले की दूध कोण काढणार हे ठरत नाही.

यात ब्राउन यांचा दोष किती? यादी त्यांनी लिहिली नाही, हे खरं. पण ते विद्यमान विजेत्यांचे प्रशिक्षक होते, २००३ चा संघ त्यांनीच चालवला होता आणि सिडनी जवळून पाहिलं होतं. 'मला दोन शूटर द्या, नाहीतर दुसरा प्रशिक्षक बघा' असं म्हणण्याइतकं वजन अमेरिकेत तेव्हा कुणाकडे असेल तर ते त्यांच्याकडेच होतं. ते वजन यादी जाहीर होण्याआधी वापरायचं असतं. यादी लागल्यावर ते पत्रकारांसमोर वेळ कमी मिळाल्याचं आणि पोरं लहान असल्याचं बोलत राहिले. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, पण त्या वेळी त्या बोलून फक्त खेळाडूंच्या कानावर पडत होत्या.

दुसरा निर्णय : तीन आठवडे

जुलैच्या अखेरीस जॅक्सनव्हिलला शिबिर सुरू झालं. पहिला ऑलिंपिक सामना जेमतेम तीन आठवड्यांवर. मदतीला ग्रेग पॉपोविच, रॉय विल्यम्स आणि ऑलिव्हर पर्नेल. बाकावर याहून जास्त ज्ञान बसवणं कठीण.

सराव सामन्यांत सुरुवातीला पोर्तो रिकोलाच सहज हरवलं. मग ३ ऑगस्टला कोलोनमध्ये इटलीने ९५-७८ असा धुतला. दुसऱ्या दिवशी जर्मनीविरुद्ध बरोबरी असताना शेवटच्या क्षणी आयव्हर्सनने अर्ध्या कोर्टावरून बॉल फेकला आणि तो गेला, ८०-७७. मैदानात जल्लोष झाला.

माझ्या मते तो शॉट संघाला महागात पडला. इटलीनंतर दोन दिवस सगळे अस्वस्थ राहायला हवे होते. इटलीने बाहेरून मारून हरवलं होतं आणि आत गर्दी करून रोखलं होतं. अथेन्समध्ये जे घडायचं होतं त्याची ही रंगीत तालीम होती. अर्ध्या कोर्टावरून पडलेल्या एका बॉलने तालमीची आठवण पुसली.

तीन आठवड्यांत काय शिकवायचं हा निवडीचाच प्रश्न असतो. ब्राउन यांनी आपलं नेहमीचं शिकवलं: बचाव, पास, शिस्त, योग्य रीतीने खेळणं. पिस्टन्सला हे पचवायला सबंध मोसम मिळाला होता. तीन आठवड्यांत फार तर दोन-तीन गोष्टी बसतात. या अंगकाठीच्या पोरांना त्यातली पहिली शिकवायला हवी होती ती पळणं. झोन लागायला पाच जणांना मागे यावं लागतं. रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या शॉटचा बॉल, घेतल्या घेतल्या मॅरियन, जेम्स, वेड, जेफरसन सुटले तर समोरच्याचा झोन उभाच राहत नाही. पूर्ण कोर्टावर दाबून धरायचं, दर चार मिनिटांनी पाच ताजे पाय आत सोडायचे. सुटे सुटे प्रयत्न झाले, पण संघाची ओळख ती झाली नाही.

तिसरा निर्णय : झोनसमोर

आता १५ ऑगस्टच्या सामन्याकडे जरा जवळून बघू, कारण सगळं प्रकरण त्या चाळीस मिनिटांत आहे.

२-३ झोनमध्ये दोघे वर आणि तिघे खाली उभे राहतात आणि माणसाऐवजी जागा धरतात. आपल्या शाळांच्या सिमेंटच्या कोर्टावर पोरांना मॅन-टू-मॅन झेपेनासं झालं की सर हाच लावायला सांगतात. दम कमी लागतो आणि बास्केटखाली गर्दी राहते. तो फोडायचे उपाय जुने आहेत. फ्री थ्रोच्या रेषेपाशी पास देणारा एक माणूस उभा करायचा. झोन सरकायच्या आत बॉल या बाजूचा त्या बाजूला न्यायचा. आणि कोपऱ्यातून कुणीतरी मारायचं. हा तिसरा नसला की पहिले दोन लंगडे पडतात, कारण वरचे दोघे निर्धास्तपणे मागे सरकतात.

डंकन बास्केटकडे पाठ करून बॉल मागायचा. बॉल आला की मागे एक, बाजूला एक आणि समोरून खाली आलेला तिसरा. एनबीएत कुणालाही न धरता बचावपटूने त्या पट्ट्यात तीन सेकंदांहून जास्त थांबलं तर शिट्टी वाजते. आंतरराष्ट्रीय नियमांत तशी अट नाही, उभा राहा हवा तेवढा वेळ. मग डंकन बॉल बाहेर द्यायचा. बाहेरचा माणूस मोकळा असायचा, अगदी मोकळा. कारण पोर्तो रिकोने ठरवूनच त्याला मोकळं सोडलं होतं.

२४ थ्री-पॉइंटर मारले, गेले ३. आणि ही रेषा तर जवळची होती: तेव्हा आंतरराष्ट्रीय रेषा ६.२५ मीटरवर होती, एनबीएची समोरून ७.२४ वर.

इथे सगळे 'शूटर नव्हते म्हणून हरले' असं म्हणून थांबतात. मी जरा आकडेमोड केली. २४ पैकी ८ गेले असते, म्हणजे अगदी सामान्य ३३ टक्के, तर १५ गुण वाढले असते. तरीही अमेरिका ९२-८८ अशी हरलीच असती. पोर्तो रिकोला ९२ गुण करू दिले, त्याचं काय? बचावाचे महामेरू म्हणवणाऱ्या प्रशिक्षकाच्या संघाने पहिल्या अर्ध्यातच ४९ दिले. शूटर नसणं हा समितीचा दोष धरू. अरोयोला कुणी धरायचं हा प्रश्न मात्र बाकावरून सुटायचा होता.

सामन्यानंतर ब्राउन म्हणाले की आपल्याला लाज वाटते, ती हरल्याची नाही, तर प्रशिक्षक म्हणून या मुलांना संघासारखं खेळायला लावू शकलो नाही याची. प्रामाणिक बोलणं होतं. पण पुढच्या सामन्यांतही सुरुवातीची फळी जवळजवळ तीच राहिली: मार्बरी, आयव्हर्सन, जेफरसन, ओडम, डंकन.

चौथा निर्णय : बाक

चाळीस मिनिटं गुणिले पाच म्हणजे दोनशे मिनिटं. प्रशिक्षकाच्या हातात एवढंच भांडवल असतं. बारा जणांत ते कसं वाटायचं, यात त्याचा विश्वास उघडा पडतो.

ओकाफोर जवळजवळ खेळलाच नाही. अँथनीने सामन्यामागे २.४ गुण केले, जेम्सने ५.४. एनबीएच्या पहिल्याच मोसमात संघ खांद्यावर घेणारी ही दोन पोरं अथेन्सला बहुतेक वेळ टॉवेल खांद्यावर टाकून बसली होती. तरुणांवर ब्राउन यांचा विश्वास सहसा बसत नाही, ही ख्याती जुनीच. पिस्टन्सने २००३ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्यात, दुसऱ्या क्रमांकावर डार्को मिलिचिच घेतला होता. मागे राहिलेल्यांत अँथनी आणि वेड होते. ती निवड ब्राउन यांची नव्हती, पण घेतलेल्या मिलिचिचलाही त्यांनी क्वचितच कोर्टावर सोडलं.

बाजू दुसरीही आहे. १९ वर्षांच्या पोराला ऑलिंपिकच्या शेवटच्या पाच मिनिटांत चुकायची मुभा कोण देईल? मीही दिली नसती कदाचित. मात्र मग एवढी लहान पोरं न्यायचीच कशाला? बारापैकी तिघं जर वापरायचीच नसतील, तर त्या तीन जागा ज्या कामासाठी माणूस नाही त्या कामाला द्यायच्या होत्या. ही गफलत समिती आणि प्रशिक्षक यांच्यामधल्या भिंतीत तयार झाली. समितीने भविष्य निवडलं, प्रशिक्षकाने वर्तमान खेळवलं, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं झाल्याचं दिसत नाही.

निकाल

ग्रीसला ७७-७१ असं हरवलं, त्यात आयव्हर्सन मोडलेल्या अंगठ्याने खेळला. त्याच्या सरावाच्या आळसावर ब्राउन यांनी फिलाडेल्फियाच्या संघात त्याचे प्रशिक्षक असताना वर्षानुवर्षं डोकं आपटलं होतं. अथेन्समध्ये मात्र तोच सगळ्यांत जीव तोडून खेळणारा निघाला.

लिथुआनियाविरुद्ध ९४-९० अशी हार. सिडनीत चुकलेल्या यासिकेविचियसने या वेळी २८ गुण केले, त्यातले शेवटच्या मिनिटांतले लांबचे शॉट चार वर्षं राखून ठेवल्यासारखे. ऑस्ट्रेलिया आणि अंगोलाला हरवून गटात चौथा क्रमांक मिळाला.

उपांत्यपूर्व फेरीत गटात एकही सामना न हरलेला स्पेन. आणि तिथे सगळ्यांत गमतीची गोष्ट घडली. नेम हरवून बसलेल्या मार्बरीने सहा थ्री मारले, ३१ गुण केले, ऑलिंपिकच्या एका सामन्यातला तोवरचा अमेरिकी विक्रम. १०२-९४. विजय हातात असताना शेवटच्या सेकंदांत ब्राउन यांनी टाइमआउट घेतला म्हणून स्पेनचे प्रशिक्षक इतके भडकले की सामना संपल्यावर दोन वयस्क गृहस्थ कोर्टावर हातवारे करत भांडत होते. एका माणसाचा नेम लागला तर झोन कसा विरघळतो, हे त्या एका सामन्याने दाखवलं.

उपांत्य सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध मार्बरीचा तो दिवस पुन्हा आला नाही. मानू जिनोबिलीने २९ गुण केले, डंकन फाउलच्या कचाट्यात सापडून बराच वेळ बाकावर. पाच फाउलांवर बाहेर, एनबीएसारखे सहा नाहीत. ८९-८१ अशी हार. जिनोबिली म्हणजे पॉपोविच आणि डंकन यांचाच सान अँटोनिओच्या एनबीए संघातला सहकारी. अमेरिकेच्या बाकावर बसून पॉपोविच आपलाच शिष्य आपल्याला हरवताना बघत होते. जिनोबिली, स्कोला, नोसिओनी, ओबेर्तो ही मंडळी वर्षानुवर्षं एकत्र खेळत होती. याच संघाने २००२ मध्येही अमेरिकेला हरवलं होतं. त्यांनी इटलीला हरवून सुवर्ण घेतलं. अमेरिकेने लिथुआनियाला १०४-९६ असं हरवून कांस्य.

डंकन त्यानंतर अमेरिकेकडून पुन्हा कधी खेळला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

याचं अर्धं उत्तर अमेरिकेनेच दिलं. २००५ मध्ये समितीची पद्धत मोडून संघ जमवायचे सगळे अधिकार जेरी कोलान्जेलो यांच्याकडे सोपवले. त्यांनी खेळाडूंकडून तीन वर्षांचा शब्द मागितला आणि माइक शिशेव्स्की यांना प्रशिक्षक नेमलं. तरी २००६ मध्ये ग्रीसने १०१-९५ असं हरवलंच, तेही साध्या पिक अँड रोलवर (एकाने बचावपटूला आडवं उभं राहायचं आणि मग स्वतः बास्केटकडे वळायचं). या वेळी मात्र संघ मोडला नाही. २००८ मध्ये बीजिंगला स्पेनविरुद्ध ११८-१०७ असं सुवर्ण. त्या संघात अथेन्सचे जेम्स, अँथनी, वेड आणि बूझर होते. बॉल सांभाळायला किड परत आला होता. आणि लांबून मारण्याच्या कामाला मायकल रेड नावाचा माणूस मुद्दाम नेला होता. पिस्टन्सचा लांब हातांचा प्रिन्सही होता.

उरलेलं अर्धं उत्तर प्रशिक्षकाच्या हातातलं आहे. मी ब्राउन यांच्या जागी असतो तर तीन ठिकाणी थांबलो असतो. यादीच्या आधी, वर लिहिलेल्या कारणासाठी. इटलीनंतर, दोन दिवस फक्त झोन फोडण्याला देऊन. आणि तिसरं ठिकाण म्हणजे पोर्तो रिकोविरुद्धचं मध्यंतर. बावीस गुणांनी मागे असताना गमवायला काय उरतं? तेव्हा सुरुवातीची फळी बसवून पाच पळणारी पोरं पूर्ण कोर्टावर सोडली असती, तर कदाचित तीस गुणांनी हरलो असतो. पण कोण दबावात काय करतो ते पहिल्याच दिवशी कळलं असतं, आणि अर्जेंटिना अजून बारा दिवस लांब होती.

हे सगळं पश्चातबुद्धीने लिहितोय, याची जाणीव आहे. अँथनीचंच घ्या. २०१२ साली लंडनला नायजेरियाविरुद्ध त्याने १४ मिनिटांत ३७ गुण केले. १२ थ्री मारले, १० गेले. हा अँथनी २००४ मध्ये तयार नव्हता, मान्य. पण ज्या दिवशी चोविसांतले एकवीस वाया गेले, त्या दिवशी त्याला आणखी चार मारू दिले असते तर अजून किती बिघडलं असतं?